छतावरचे चार हूक

मोटरहोम घ्यायचं वेड माझ्या नवऱ्याचं. आत दोन पलंग, छोटा ओटा, खिडकीला पडदे. पावसाळ्याआधी नागावला आमच्या वाडीत पडवी झाकतात, तशीच त्याने ही नवी गाडीही विणलेल्या झावळ्यांनी झाकली आणि सुंभाने करकचून बांधली.

श्रावणात पलंगामागची भिंत ओल धरून फुगली, गादीवर बुरशी आली. तो रोज कंपनीला फोन करून भांडायचा. "वॉरंटी आहे. भिंत बदलून घेईन तर खरा!" मला सांगायचा.

गणपती गेले आणि चार दिवसांत झोपेतच तोही गेला. कंपनीचा माणूस आला तेव्हा तेरावं उरकलं होतं.

त्याने शिडीवर चढून झावळ्या सारल्या. "काकू, छताला भोकं पाडून हे चार हूक कोणी बसवले? पाणी इथूनच आत जातंय."

मला हूक माहीतच नव्हते; सुंभ बांधायला त्यानेच बसवले असणार. पण इतकं भांडलेल्या माणसावर त्याच्या माघारी कोणी हसलेलं मला चालणार नव्हतं.

"मी बसवले."

"तुम्ही? ड्रिलने?"

"का, बायकांना ड्रिल धरता येत नाही?"

"मग वॉरंटीत बसणार नाही, काकू."

"नाही तर नाही." मी कागदावर सही केली.

कंपनीचा माणूस गेल्यावर हूक काढून भोकं बुजवायला शिडीवर चढले. हुकांना नवऱ्याने मारलेली सुंभाची एकही गाठ सुटेना. कोयता हातात होता. पण एकही गाठ न कापता खाली उतरले.