जोडीतला तित्तर

लग्न होऊन मुरबाडकडच्या त्या गावात आले, तेव्हा घरात मी आणि सासरे, दोघंच. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा वाशिंदच्या कारखान्यात, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. दिवसभर बोलायला कोणी नाही. मग मी खळ्यामागे करवंदीच्या जाळीपाशी फिरणारी तित्तरांची जोडी बघत बसायची.

दोघं एकदम कधी चरत नसत. एकाची मान खाली, तर दुसऱ्याची वर. वाळवी सापडली की नर ती मादीपुढे टाकायचा, स्वतः खायचा नाही. आमच्याकडे असलं कौतुक फक्त रविवारी. तित्तरांनी जवळ यायचं तेही आधी आभाळात ससाणा नाही, बांधावर मुंगूस नाही हे बघून, जाळीला खेटून. डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकायचं आणि पुन्हा पहारा. एवढ्या धाकातही त्यांचं जमत होतं, याचं मला कधीकधी रडू यायचं.

सासरे तित्तर धरायचे. पिंजऱ्यातला पाळीव नर ओरडला की रानातला नर, आपल्या हद्दीत हा कोण, म्हणून भांडायला येतो आणि भोवती मांडलेल्या फासात अडकतो. एका सकाळी त्यांनी पिंजरा खळ्यामागे न्यायचं ठरवलं. मला वाटलं, पोट भरलं की पाखरूही माणसासारखं सुस्तावेल, ओरडणार नाही. गुपचूप वारूळ फोडून पाळीव नराला मूठभर वाळवी चारली. नवी सून, अक्कल ती किती! खाऊन तो असा तरतरीत झाला की ओरडायचा थांबेचना. तासाभरात सासरे जोडीतला नर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले.

मागे मादी हाका मारू लागली. इतके दिवस लपून राहणारी ती उघड्या बांधावर उभी होती.

"काय झालं गो?" मला रडताना बघून सासऱ्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, वाळवीसकट.

ते बराच वेळ तिचा आवाज ऐकत राहिले. "अशी बोंबलत रायली तर मुंगूस तिला ठेवायचा नाय," म्हणाले आणि टॉवेल माझ्या हातात दिला. "जा, सोड त्याला."

नर धावत जाळीत शिरला. थोड्या वेळाने हाका थांबल्या.

शनिवारी नवरा आला. जेवताना सासरे त्याला म्हणाले, "वाशिंदला खोली बघ नि हिला घेऊन जा."

"आणि तुमचं जेवण?" मी विचारलं.

त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "तू यायच्या आधी काय उपाशी व्हतो?"