शुभा आणि मधली कटकट

मिरजोळ्याच्या वळणावर फोन वाजला म्हणून मी स्कूटर बाजूला घेतली. मंदारचा फोन होता, शुभाच्या धाकट्या भावाचा. "वैशालीताई, शुभी गेली. सकाळी, झोपेतच..." एवढंच बोलला. कंपनीची बस हॉर्न वाजवत अंगावरून गेली तेव्हा मी भानावर आले आणि स्कूटर तिच्या घराकडे वळवली. त्याला आता दीड-दोन महिने होतील.

शुभदा आणि मी रत्नागिरीत एकाच कॉलेजात शिकलो, पुढे दोघींनी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या केल्या. मी लग्न करून परत आले, ती हातांमुळे. बोटांतली ताकद हळूहळू कमी करत नेणारा आजार होता तो. बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं आणि तिने तितक्याच स्पष्टपणे मला. वर म्हणाली, "आपण दोघी मिळून काम सुरू करू. तू घर सांभाळून ये, मी हात सांभाळून येते." मिरजोळ्याला एका वर्कशॉपच्या वरची खोली आम्ही भाड्याने घेतली. खालून ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की शुभा म्हणायची, "चला, आपल्याकडे पण काहीतरी चालू आहे असं लोकांना वाटेल!"

त्या खोलीतलं आमचं आवडतं काम म्हणजे बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांच्या गटाचं अ‍ॅप. गिऱ्हाइकाने फोनवर मासळी निवडायची, गटातल्या बायकांनी ती साफ करून घरी पोचवायची. शुभा पडद्यावरची पानं लिहायची. पण कोडमध्ये एक ओळ बदलली की ती सेव्ह करा, चालू प्रोग्रॅम थांबवा, पुन्हा सुरू करा, ब्राउझरमध्ये पान ताजं करा, परत लॉगिन करा, सुरमई निवडा, पत्ता भरा... आणि मग कुठे बघायला मिळणार की बटण हिरवं झालं की नाही. माझ्यासारखीला तो कंटाळा. शुभाला मात्र प्रत्येक बटण दाबायला जोर लावावा लागायचा. दुपारपर्यंत तिची बोटं थकून जायची आणि लिहायचं ते डोक्यातच राहायचं.

"तू नुसतं सांग, मी टाइप करते," असं मी एकदा म्हटलं. ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, पण आवाज पक्का होता. "नाही वैशू. जोवर जमतंय तोवर माझा कोड मीच लिहिणार. तू माझे हात होऊ नकोस. ही मधली कटकट काढून टाकायला मदत कर."

मग आम्ही त्या कटकटीच्या मागे लागलो. फाइलींवर सतत लक्ष ठेवणारं आणि जेवढा भाग बदलला तेवढाच ब्राउझरकडे पाठवणारं एक साधन असतं, ते बसवायचं होतं. लॅपटॉपवर ते पटकन चाललं, पण प्रत्येक बदलाला अख्खं पान नव्याने उघडायचं आणि भरलेली ऑर्डर पुसली जायची. शुभाला ते मान्य नव्हतं. "परत पत्ता भरायचा असेल तर काय उपयोग?" तिने पानाचे लहान लहान भाग वेगवेगळ्या फाइलींत नेले, मग भरलेली माहिती जागेवर राहायला लागली. फोनवर मात्र काहीच दिसेना. तो लॅपटॉपपर्यंत पोचतच नव्हता. त्याला आमच्या वायफायवरचा लॅपटॉपचा पत्ता द्यावा लागला, लॅपटॉपच्या सुरक्षेने अडवलेली वाट मोकळी करावी लागली. शेवटी एका सकाळी शुभाने एकच शब्द बदलून सेव्ह केलं आणि टेबलावर पडलेल्या फोनमध्ये, कोणीही हात न लावता, 'बांगडा'चा 'ताजा बांगडा' झाला. सुरमई तशीच निवडलेली, पत्ता तसाच भरलेला. ती इतकी मोठ्याने हसली की खालचा ग्राइंडर क्षणभर थांबला.

पुढच्या आठवड्यात गटाच्या लक्ष्मीमावशी आल्या. शुभाने त्यांच्या हातात फोन दिला आणि स्वतः लॅपटॉपशी बसली.

"बाय, ता बटान वायच मोठा कर गो. चष्म्याबिगर दिसत नाय मला."

बटण त्यांच्या हातातच मोठं झालं. मावशींनी फोन उलटा करून पाठीमागे बघितलं. "आं? मी बोलले तसा झाला?"

"बोला अजून, काय हवं ते."

"मग त्या कोलंबीचा फोटो बदल. असली मेलेली कोलंबी मी इकते काय?"

कोलंबीवरून तिघी कितीतरी वेळ हसत होतो. जाताना मावशींनी शुभाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

पुढे बोटं अजिबात उठेनाशी झाली तेव्हा ती बोलून कोड लिहू लागली, आणि मग जिने चढणंही बंद झालं. मी लिहायचे ते पान तिच्या घरच्या टॅबवर थेट दिसेल अशी सोय आम्ही केली. त्या दिवशी तिनेच मला सांगितलं, "आता तू टाइप कर, चालेल मला." टॅब पलंगासमोर स्टँडवर असायचा. मी इथे सेव्ह केलं की तिला तिथे दिसायचं आणि काकू, म्हणजे तिची आई, तिच्या कानाशी फोन धरायच्या. "निळा फार गडद झाला गो... हां, आता बरा." शेवटच्या महिन्यात आवाज बारीक झाला होता, पण निळ्याबाबतची तक्रार काही कमी झाली नाही.

ती गेल्यावर ती जोडणी मला तोडवली नाही. तिकडे टॅब कधीच बंद झाला असेल, असं धरून चालले होते. परवा तापाने अंथरुणात होते, ऑफिसला गेले नाही. दुपारी काकूंचा फोन आला.

"वैशाली, बरी आहेस ना?"

"थोडा ताप आहे काकू. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" त्या म्हणाल्या. "रोज सकाळी तू ऑफिसला आलीस की टॅबवर पान उघडतं. मी तिथेच चहा घेते. आज उघडलं नाही गो..."