पुंडलिक, मी अन् सरकारात न गेलेली एक कंपनी

पुंडलिक गेला. सकाळी त्याच्या पोरीचा फोन आला.

अख्ख्या आयुष्यात मी एकच माणूस पुरता फसवला, तो हा.
असं मी मागच्या दिवाळीपर्यंत समजत होतो.

नव्या लोकांसाठी सांगतो. साल बासष्ट-त्रेसष्ट असंल. यवतमाळात माझं सायकलचं दुकान. मी मॅट्रिक फेल, तेही दिमाखात. पुंडलिक मॅट्रिक पास, त्यांच्या घरातला पहिला.

त्याचा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचले. छप्पनले नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हाच त्यानं घरात सांगून टाकलं होतं, पोरगा जिनात जाणार नाही.

पण आता बापाची कंबर गेली होती. अन् तेवढ्यात मुंबईहून रेल्वेच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं.
लागली नोकरी तर लागली. नाही तर बापाच्या जागी पुंडलिक जिनात.

पुंडलिकले एकच कला येत होती. पाठांतर. औषधाच्या बाटलीवरचा कागद द्या, संध्याकाळी तोंडपाठ.

वही घेऊन माझ्या दुकानात आला. म्हणे, "सुध्या, रेल्वेची हिस्ट्री विचारतात म्हणे. तुले काही माहीत आहे का?"

मले माहीत होतं एवढंच, की मुंबईत आधी दोन मोठ्या कंपन्या होत्या. एक बोरीबंदरवाली, एक चर्चगेटवाली. दोन्ही सरकारात गेल्या. संपली माझी हिस्ट्री.

पण समोरचा पेन्सिल काढून बसला, तर मी काय तेवढ्यावर थांबतो?

मी सांगितलं, त्या दोन कंपन्यांचं पटत नव्हतं. दादरच्या पुलाच्या इकडचा माणूस तिकडच्याच्या हातचं पाणी पीत नाही.

पुंडलिकनं पेन्सिल खाली ठेवली.
"मुंबईतही?"

मी पंक्चरच्या टबात तोंड घातलं. म्हटलं, "खोड ते. पुढचं लिही."

पुढचं लिहिलं त्यानं. बोरीबंदरवालीनं इकडं रूळ टाकले, कारण गोऱ्या साहेबाच्या बायकोले वऱ्हाडाच्या कापसाच्या गादीशिवाय झोप येत नव्हती.

अन् मग मी माझा मास्टरपीस काढला. सगळ्या कंपन्या सरकारात गेल्या, एक सोडून. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी. तिचा गोरा मालक अजून विलायतेत बसून आहे. देश स्वतंत्र झाला, हे त्याले कोणी कळवलंच नाही.

याच्याखाली पुंडलिकनं दोन रेघा मारल्या.

जायच्या दिवशी त्याची माय दुकानात आली. फडक्यात भाकर अन् ठेचा. म्हणे, "माह्या लेकराले शिकवलं बाबू तुम्ही. खाऊन घ्या."

भाकर-ठेचा तसाच फडक्यात बांधून ठेवला.

दुरुस्तीले आलेली एक सायकल घेतली अन् गाडीमागं निघालो. आपली छोटी गाडी सायकलनं गाठण्यात काही शौर्य नाही. गावाबाहेर गाठली. पुंडलिक खिडकीत बसून पाठ करून राह्यला होता.

"पुंडलिक, ते कंपनीचं सांगू नको. खोटं आहे ते."
"खोटं तू आता बोलून राह्यला."
"आईची शप्पथ."
"ते तू रोजच घेतो."

तेवढ्यात चाक नालीत गेलं अन् मी सायकलसकट तुरीच्या वावरात. डब्यातले लोक टाळ्या वाजवत होते.

आठ दिवस मी त्याच्या मायचं तोंड चुकवलं. नवव्या दिवशी पुंडलिक दुकानापुढं उभा.

तीन साहेब होते म्हणे. विचारलं, रेल्वे कोणाच्या मालकीची? आधीची सगळी पोरं 'भारत सरकार' म्हणून मोकळी झाली होती. हा म्हणाला, "सरकारची, साहेब. एक लाइन सोडून."

तिन्ही साहेब हसले. एकानं विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? यानं सांगितलं, "सुधाकर सायकलवाले, यवतमाळ." मग तर शिपाईही हसला.

कोपऱ्यात फायली घेऊन एक म्हातारे हेडक्लार्क बसले होते. ते उठले. म्हणाले, "साहेब, मुलाचं बरोबर आहे. रूळ अजून त्या कंपनीचेच आहेत. आपण फक्त गाडी चालवतो."

हसणं बंद.
पुंडलिकले नोकरी लागली.

मी फेकलेली थाप खरी निघाली. मले दोन दिवस ताप होता.

साठ वर्षं हा किस्सा मी प्रत्येक लग्नात सांगितला. पुंडलिक बाजूले बसून गालात हसे. सुट्टीवर आला की त्याच्या सायकलचं ऑइलिंग मी न सांगता करून देत होतो. गुन्हेगार होतो ना मी.

मागच्या दिवाळीले भेटलो. खाटेवर होता, दम लागत होता. म्हणे, "सुध्या, तुरीत पडला तेव्हा तुहं तोंड पाहूनच समजलं मले, हा आज खरं बोलून राह्यला. दारव्ह्याले गाडी थांबली तसा गार्डाले विचारलं, ही लाइन कोणाची. त्यानं सांगितलं, विलायतेच्या कंपनीचीच, तेव्हा पक्कं केलं. तुही गादी वहीतून खोडून टाकली."

मी बसल्या जागी गार.
"मग साठ वर्षं बोलला काहून नाही बे?"
"ऑइलिंग चांगलं होत होतं."

म्हटलं, मग त्या साहेबांपुढं गार्डाचं नाव काहून नाही घेतलं?


"गार्ड तर नोकरीतच होता बे. तुहं नाव मुंबईच्या साहेबापुढं दुसरं कोण घेणार होतं?"

जा गड्या. तिकडं कोणी विचारलं, कोणी शिकवलं, तर या खेपेले गार्डाचं नाव सांग.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मले पाठ नाहीत. पाठांतर तुहं होतं.

जयभीम, पुंडलिक.