जरा चालून दाखवता का?

पाठमोऱ्या माणसाला लांबूनच नावानं हाक मारणारा आणि समोर बसलेल्याला "आपण कोण?" विचारणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, सासुरवाडी टेंभुर्णीची. साडूला चेहरे ओळखू येत नाहीत. डोळे उत्तम आहेत, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतो. नाक, डोळे, मिशी सगळं त्याला सुटं सुटं दिसतं, पण त्या सगळ्याचा मिळून माणूस काही तयार होत नाही. जन्मापासूनच तसं आहे. थोडं आवाजावरून आणि बाकी सगळं चालण्यावरून, असं तो भागवतो. आणि हाच गृहस्थ शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाला माणसं ओळखायला शिकवतो.

हे मला कळलं ते माझ्याच दुकानात. जालन्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे. भर हंगामात एकदा साडू आला. मी गल्ल्यावर बसलेलो, सर्दीनं घसा बसलेला, आणि आदल्याच दिवशी मिशी काढून टाकलेली. मला म्हणाला, "मालक न्हाईत का?" मला वाटलं थट्टा करतोय. थट्टेत आपणही मागं हटत नाही, म्हणून घोगऱ्या आवाजात म्हणालो, "जेवायला गेलेत, बसा." तो बसला. पेपर वाचला, मी मागवलेला चहा प्याला, वर "तुम्ही नवीनच लागलात का हितं?" अशी माझी चौकशीही केली. शेवटी गिऱ्हाइकाला कपाशीची बॅग काढून द्यायला मी फळीपर्यंत चालत गेलो, तेव्हा मागून आवाज आला, "साडूभाऊ, तुम्ही कव्हा आल्ते?" मी हसत वळलो आणि त्याच्याकडं पाहून हसू आवरलं. तो घामाघूम झाला होता. मग त्यानं सगळं सांगितलं आणि माझ्याकडून शब्द घेतला. "कुठं बोलू नका. लोक म्हणतील, सोताला माणूस वळखू यीना अन् मशीनला शिकवून राह्यला."

त्यानंतर त्याच्या सगळ्या विचित्र सवयींचा उलगडा झाला. आपल्याकडं लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक जण आधी "वळखलं का?" विचारतो. इतरांना तो नुसता प्रश्न असतो, साडूला मात्र ती परीक्षा. त्यावर त्यानं तोडगा काढला होता तो समोरच्याला पाण्याला पाठवण्याचा. तो माणूस माठाकडं निघाला की पाठीमागून त्याची चाल बघायची. तांब्या घेऊन परत येईस्तोवर ओळख तयार. त्यामुळं धाकट्या जावयाला सारखी तहान लागते अशी टेंभुर्णीत ख्याती झाली आणि सासूबाईंनी त्याला साखर तपासून घ्यायला लावली. एकदाच तो फसला. सासूबाई समजून त्यांच्या बहिणीच्या पाया पडला आणि "तुमच्या हातची पुरणपोळी लई याद येती" असं सांगून मोकळा झाला. पुरणपोळीवाल्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. नंतर मला म्हणतो, "दोघी भयनींची चाल बिलकुल एक हाय, माझी काय चूक?"

संशोधनही त्यानं हेच निवडलं आहे, चालीवरून माणूस ओळखणारा संगणक. पूर्वी म्हणे संगणक माणसाची नुसती बाह्यरेषा बघायचा; खांद्यावर घोंगडी आली, डोक्यावर पाटी आली की त्याची गडबड व्हायची. आता तो घोटा, गुडघा, खुबा, खांदा असे सांधे हुडकतो आणि ते कसे हलतात ते बघतो. शिवाय कुठं बघायचं हे आता त्याला सांगावं लागत नाही, ढीगभर चित्रफिती दाखवल्या की आपलं आपण शिकतो. "गुडघा म्हंजी माणसाची सही हाय, साडूभाऊ," हे त्याचं आवडतं वाक्य. त्या चित्रफितींसाठी त्यानं आपलं केदारखेडा गाव चालवून चालवून दमवलं. अनवाणी चाला, बूट घालून चाला, युरियाची गोणी घेऊन चाला. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "बैल घ्यायचा हाय का बाबा, यवढं चालवून बघायला?"

त्या चित्रफितींत एक माणूस नाही, तो म्हणजे त्याचे काका. साडूचे वडील लवकर गेले, त्याला वाढवलं ते या काकांनी. काकांचा उजवा गुडघा जुना दुखरा. पाय बाहेर फेकत, दर पावलाला खांदा खाली टाकत ते चालायचे, आणि साडू लहानपणापासून त्यांना शिवाराच्या त्या टोकावरून ओळखायचा. पुढं साडू कसल्याशा परिषदेला परदेशी गेलेला असताना काकांच्या मुलानं त्यांचा गुडघा बदलून आणला. पाय सरळ झाला. काकांना इतका आनंद झाला, की कुणाला सांगायचं नाही अशी तंबी देऊन, साडू गावी यायच्या दिवशी ते मुद्दाम भोकरदनच्या स्टँडवर गेले. पुतण्याला चालून दाखवायचं म्हणून ताठ चालत, एक शब्द न बोलता, त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. साडू म्हणाला, "बाबा, जरा बाजूला व्हा," आणि बॅग सावरत निघून गेला.

काका घरी येऊन एवढंच बोलले, "साहेब झाला. वळख दिली न्हाई." आपण कुणाला बाजूला सारलं ते साडूला तेव्हा कळलं. तेव्हापासून दोघांत अबोला, चित्रफितींसाठी चालायलाही काका आले नाहीत. मी साडूला म्हणालो, खरं काय ते सांगून टाका. तो म्हणाला, "ज्यांनी वाढवलं, त्यांचा चेहरा डोळे मिटल्यावर मला दिसत न्हाई, हे कोणत्या तोंडानं सांगू?" त्या दिवशी तो नीट जेवलाही नाही. माझ्याच्यानं ते बघवेना. दिलेला शब्द मी मोडला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. बियाण्यांच्या उधारीचं निमित्त करून केदारखेड्याला गेलो आणि काकांना सगळं सांगितलं.

काकांनी आपल्या पायाकडं पाहिलं. "मंग मला बी पायावरूनच वळखायचा?"

"हो. चाल बदलली आणि तुम्ही हरवलात."

"लहान व्हता तव्हा कधी बोलला न्हाई."

"भ्याला असंल."

काका गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मी निघालो तेव्हा म्हणाले, "पुढल्या महिन्यात नातीचं लग्न हाय. त्याला घिऊन या. म्या बोलावलं म्हणू नका."

लग्नात सगळ्या पुरुषांना एकसारखे गुलाबी फेटे. साडू खुर्चीत अंग चोरून बसलेला. त्या दिवशी त्यानं कुणाला पाण्यालाही पाठवलं नाही. "यातले काका कोन्ते?" त्यानं हळूच विचारलं. मी बोट दाखवणार तोच मांडवाच्या पलीकडून, आचाऱ्यांच्या बाजूनं, एक फेटा खाली-वर होत येताना दिसला. काका येत होते. उजवा पाय बाहेर फेकत, दर पावलाला खांदा खाली टाकत. सून धावली, "मामा, काय झालं, पाय भरून आला का?" काका म्हणाले, "सरक." खणखणीत गुडघ्यानं लंगडायचं म्हणजे सोपं नाही, म्हातारा दोनदा तोल जाता जाता सावरला. साडू केव्हाच उठून उभा राहिला होता. त्याला पुढं जावेना. काकाच त्याच्यापर्यंत आले आणि म्हणाले, "जेवला का?" मी फेटा नीट करायला बाजूला गेलो.

यजमानच ते, त्यामुळं काकांना सारखं उठावं लागत होतं. दर वेळी ते तसेच गेले आणि तसेच परत आले. ऑपरेशन फसलं अशी कुजबुज पंगतीत सुरू झाली, तरी काकांनी चाल बदलली नाही. आम्हाला निरोप द्यायला ते लंगडतच गाडीपर्यंत आले. गाडी मी चालवत होतो. वळणावर आरशात पाहिलं, तर काका ताठ चालत मांडवाकडं परतत होते. साडू डोळे पुसत समोरच्या रस्त्याकडं बघत होता. आरशात काय दिसलं ते मी त्याला सांगितलं नाही.