ऑफिसात होतो, असं सांगितलं

खरं सांगायचं तर त्या दिवसांत दत्तगुरूंवरचा माझा विश्वास बराच डळमळला होता. चाळीस वर्षं गुरुवार केले आणि पदरात काय पडलं, तर उजव्या कुशीत कळ. खोल श्वास घेतला की आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. छातीत पाणी झालं होतं. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या डॉक्टरांनी ते टीबीचं धरून गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांत भूक गेली, लघवी केशरी झाली, आणि काढलेलं पाणी पुन्हा भरलं.

या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, नोकरी कसली?" मी म्हटलं, "मकरपुऱ्यात, कंपनीच्या ऑफिसात." निवृत्त झालो तो ऑफिसातूनच, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. पण ऑफिसात येण्याआधीची दहा वर्षं मी बॉयलर खात्यात गरम पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळत होतो, जुना वाळका थर हातोडीने फोडत होतो. आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांची एक खोड आहे. पणजोबा संस्थानात साधे कारकून असले तरी आम्ही त्यांना दिवाणाच्या पंक्तीला बसवतो. अशा घरातल्या पोराने धूळ खात काम केलं, हे बोलायचं कुणी? माझं लग्न जमवताना आईने "ऑफिसात" असंच सांगितलं, आणि पुढे तेच माझ्या तोंडी बसलं.

शेवटी अलकापुरीतल्या छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. कॅन्सर तर नाही ना, हे पाहायचं होतं. तिथे गर्दी होती. माझ्याच वयाच्या एका किडकिडीत माणसाने सरकून जागा दिली. "बेसो, भाई. क्यां नोकरी करता?" सवयीने माझ्या तोंडून गेलं, "ऑफिसमां." तो म्हणाला, "सारुं. हुं तो बॉयलर पर अ‍ॅस्बेस्टॉस कापतो. डॉक्टरे पूछ्युं नहीं, ने में कह्युं नहीं." तोही माझ्यासारखाच बॉयलरवरचा; डॉक्टरांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, यात त्याची दोन वर्षं भलत्याच औषधांत गेली होती. मग त्याचा नंबर आला आणि तो उठून गेला. त्याचं नावही मी विचारलं नाही. त्याचं बोलणं मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

आत गेल्यावर मी आधी ती दहा वर्षं सांगितली. डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा पाहिला आणि फुप्फुसाच्या अस्तरावरचे पांढरे चट्टे दाखवले. अस्तराचा तुकडा तपासायला गेला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी देवाकडे काही मागितलं नाही. ज्याने डॉक्टरला खरं सांगितलं नाही, त्याने देवाकडे कोणत्या तोंडाने मागावं?

कॅन्सर नव्हता, टीबीही नव्हता. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे अस्तराला आलेली सूज होती. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, पाणी काढलं, दुखण्यावर औषध दिलं, श्वासाचे व्यायाम शिकवले. आत गेलेले तंतू निघणार नाहीत, म्हणून नियमित तपासणी जन्माची. मी मान डोलावली. मला ते जड गेलं नाही.

घरी येऊन देवापुढे पेढे ठेवले आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "अहो, लग्नानंतर चार वर्षं तुमचे शर्ट गॅलरीत झटकून कोण धूत होतं? ऑफिसात का असली धूळ असते? बोलले नाही, म्हटलं तुम्हाला लागेल."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी लक्षात आलं. ती धूळ ती झटकत होती, म्हणजे तिच्याही छातीत गेली असणार.

दुसऱ्याच दिवशी तिला त्याच डॉक्टरांकडे तपासायला घेऊन गेलो. ती आत असताना माझे हात आपोआप जुळले. इतकं मनापासून मी स्वतःसाठीही कधी काही मागितलं नव्हतं. डॉक्टर फिल्म घेऊन बाहेर आले. "बेनने हाल कंई नथी. वरसे एक वार बतावी जजो." सध्या काही नाही, वर्षातून एकदा दाखवून जा, एवढंच ते म्हणाले. मी तेवढंच प्रसादासारखं ओंजळीत घेतलं आणि त्याहून जास्त विचारलं नाही.