दोन पडद्यांमधला चष्मा

काचेच्या कारखान्यात तिला सगळे ‘एक्स-रे’ म्हणत. बावीस वर्षं काम एकच: दिव्यासमोर दोन पडदे, त्यांच्यामध्ये काच धरायची आणि तिच्यात दडलेला ताण शोधायचा. पहिला पडदा एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पुढे सोडतो, आडवा बसवलेला दुसरा त्याला अडवतो. म्हणजे काळोख. पण मधल्या वस्तूत ताण असेल तर प्रकाशाची थरथर बदलते, काळोखात रंग पेटतात.

“प्रकाशाच्या कणाला फिरक्या दोनच, उजवी आणि डावी,” साहेबांनी शिकवलं होतं. “दोन्ही सारख्या मिसळल्या की सरळ थरथर. स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नाही.”

“मग माझाच भाऊ की तो,” ती म्हणाली होती.

एका दुपारी तिची लेक कारखान्यात आली. ओठ फुटलेला, डोळ्याखाली काळंनिळं.

“जिन्यावरून पडले गं.”

याआधी दोनदा आईने हे खरं मानून तिला नवऱ्याकडे परत धाडलं होतं.

“चष्मा तेवढा सरळ करून दे. हे न्यायला आलेत, बाहेर उभे आहेत.”

फ्रेम पारदर्शक प्लास्टिकची. आईने सवयीनेच ती पडद्यांमधल्या चिमट्यात अडकवली. आपटल्याची खूण एका जागी असते. इथे नाकावरच्या दांडीत रंगांचा पीळ पडला होता, दोन्ही टोकांना बोटं रुतल्यासारखे डाग.

“जिन्याला हात असतात का गं?”

लेकीचा बांध फुटला. “मारू नका म्हटलं, तर चष्मा ओढून पिरगाळला. म्हणाले, आधी आंधळी हो.”

“झालं का मायलेकींचं गुळपीठ?” जावई दारात होता. त्याने लेकीचे केस धरले, डोकं टेबलावर आदळलं. आई मध्ये पडली, तर तिच्या तोंडावर ठोसा. दात तुटून जिभेवर आला.

लेकीला केसांना धरून ओढताना त्याची पाठ लाकडी घोडीवर उभ्या ठेवलेल्या काचेला टेकली. बसच्या खिडकीसाठी कडक केलेली काच. समोरून घाव घातला तर सोसते, कोपरा मात्र सोसत नाही. आईने बाद काचा फोडायचा टोकदार हातोडा उचलला.

“म्हातारे, मला मारणार?” तो हसला.

तिने कोपऱ्यावर घाव घातला. अख्खी काच स्फोटासारखी त्याच्या पाठीवर फुटली. मान, कान, कोपर रक्ताने भरले. मूठ सुटली. तो काचेच्या खड्यांच्या ढिगात गुडघ्यांवर बसला.

आई रक्त थुंकली. दारात जमलेल्यांना म्हणाली, “पोलिसांना बोलवा. आणि पडद्यातला चष्मा कुणी हलवायचा नाही.”

“आई, चष्म्याशिवाय मला दिसत नाहीये गं.”

“माझा हात धर. घरी चल, आपल्या.”