बीटच्या जिभा आणि गुड्डीची जागा

अंगणवाडीत सोळा वर्षं काढली की किस्से इतके साचतात, एक सांगायला जावं तर चार बाहेर पडतात. बहीण फोनवर विचारते, "आज काय नवीन?" मी म्हणते, "काही नाही गं," आणि अर्धा तास बोलत बसते! पण यंदाच्या तान्ह्या पोळ्याचे रंग सगळ्या किश्श्यांच्या वरचढ.

आमचं गाव आमगावच्या पलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली लेकरं तोंडं रंगवून, नटूनथटून लाकडी बैल ओढत निघतात, तो तान्हा पोळा. मागच्या वर्षी दुकानातल्या रंगाने दोघांचे गाल सुजले होते. म्हणून मी पालकांच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, "यंदा रंग घरचेच! तांदळाचं पीठ, हळद, बीट, पालक, काजळ आणि कोल्ड क्रीम."

आमच्या मदतनीस सुमनबाई म्हणाल्या, "मॅडम, तोंड रंगवाचं आहे का भाजी कराची आहे?"

मीटिंग संपली तरी गुड्डीची आई थांबून राहिली. गुड्डी चार वर्षांची, वर्गातली सगळ्यात बडबडी. तिच्या डाव्या गालावर कोडाचा मोठा पांढरा डाग आहे.

"पोळ्याले तिचे मामा-मावशी येऊन राहिले," आई हळूच म्हणाली. "तो डाग झाकून द्या जी. नाही झाकला तं मी तिले आणत नाही. पुढंही घरीच ठेवतो."

पोरगी घरी बसवणार? मी म्हटलं, "झाकते मी. पण तुम्ही तिला रोज पाठवायचं!"

*

रंगांच्या तयारीच्या पहिल्याच दिवशी मी बीट किसून वाटीत ठेवलं, पालक धुवायला गेले आणि परत आले. वाटी रिकामी!

"कोणी खाल्लं?"

"आम्ही नाही!" बारा तोंडं एकदम उघडली. बाराच्या बारा जिभा लालभडक!

संध्याकाळी सोहमची आई तावातावाने आली. "मॅडम, घरी हा पोट्टा बीट ताटाबाहेर फेकते. तुमच्याइथं वाटी चाटते. काऊन जी? त्याच्यात टाकलं तरी काय तुम्ही?"

*

दुसऱ्या दिवशी सराव म्हणून यशला वाघ केला. हळदीचं पिवळं तोंड, काजळाचे पट्टे. स्वारी डरकाळ्या फोडत घरी गेली.

दहा मिनिटांत त्याची आजी त्याला कडेवर घेऊन धावत आली. मागे अर्धी गल्ली! "मॅडम, धावा! पोट्ट्याच्या तोंडाले रक्त येऊन राहिलं!"

माय वं! वाघाचं तोंड खरंच लाल. डॉक्टरांचा नंबर सापडेना.

सुमनबाई शांतपणे पुढे आल्या. आजींना विचारलं, "तोंड कायनं धुतलं?"

"कपड्याच्या साबणानं."

"मंग? हळदीले साबण लागला का लाल होते. लुगड्यावर कधी पाहिलं नाही का?"

आजी धापा टाकत म्हणाल्या, "लुगड्यावर पाहिलं. नातवावर पहिल्यांदाच पाहून राहिली!"

*

मग काजळ संपलं. एक आजोबा मोठ्या अभिमानाने बाटली घेऊन आले. "काजळ पुसून जाते, मॅडम. हे घ्या. सालभर हलत नाही!"

लेकरं बाटलीभोवती जमलेली. मी वास घेतला आणि अशी किंचाळले की सगळी हाताची घडी घालून खाली बसली. बिब्ब्याचं तेल! धानाच्या पोत्यांवर खुणा करायचं!

"बाबाजी, गालाला लागलं असतं तर फोड आले असते! डाग राहिले असते!"

"मंग मी काय म्हटलो?" बाबाजी म्हणाले. "हलत नाही."

*

गुड्डीचा रंग जमायला मात्र चार दिवस गेले. तांदळाचं पीठ, चिमूटभर हळद, कॉफी, कोल्ड क्रीम. रोज माझ्याच मनगटावर लावून पाहायचे. नवरा म्हणाला, "हातावर पिठलं सांडलं का?"

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गुड्डी लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आली. मी गालावर रंग लावला. डाग कुठे होता ते मलाही सांगता येईना! मामा-मावशी बघतच राहिले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुड्डीने आरशात पाहिलं. एक शब्द बोलली नाही. लाकडी बैल ओढत पहिल्या रांगेत, सोहमच्या शेजारी बसायला गेली.

सोहमने चटईवर हात आडवा ठेवला. "इथं नको बसू. गुड्डीची जागा आहे."

"अरे, हीच गुड्डी!" मी म्हटलं.

यशने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "नाही, मॅडम. गुड्डीचा गाल पांढरा आहे."

"गुड्डी येऊन राहिली! तू मांगं बस!" सगळीच ओरडायला लागली. गुड्डीचा ओठ थरथरला.

तिची आई उठली. माठाजवळ गेली, पदराचं टोक भिजवलं, लेकीसमोर बसली आणि गाल पुसला. एकदा, दोनदा, पार स्वच्छ होईपर्यंत.

सोहमने चटईवरचा हात उचलला. "कुठं गेली होती वं?" तो चिडून म्हणाला. "कवाचा जागा धरून बसलो!"